ऊर्जासंकलन, सूक्ष्म प्रमाणावरील

परिसरात सहज उपलब्ध असलेल्या व एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेचा अत्यल्प अंश विजेच्या रूपात मिळवून तिच्यावर लहान इलेक्ट्रॉनीय प्रयुक्ती चालविण्याच्या तंत्राला सूक्ष्म ऊर्जासंकलन असे म्हणतात. प्रकाश, उष्णता, यंत्रांची कंपने, वाऱ्याची झुळूक, रेडिओ तरंग आणि माणसाची वा प्राण्याची हालचाल हे या ऊर्जेचे नेहमीचे उद्‌गम होत. या तंत्राने मिळणारी शक्ती सामान्यतः काही मायक्रोवॉट (एका वॉटचा दशलक्षावा भाग) ते काही मिलिवॉट (एका वॉटचा हजारावा भाग) एवढीच असते. तिच्यावर घरातला दिवा लागत नाही. परंतु तापमान, दाब, आर्द्रता, कंपन इ. राशी मोजून त्यांचे आकडे रेडिओ तरंगांद्वारे दूर पाठविणाऱ्या बिनतारी संवेदकाचे काम तिच्यावर भागू शकते. अशा संवेदकाला विद्युत् घट लागू नये, निदान तो वारंवार बदलावा लागू नये, हा या तंत्रविद्येचा मुख्य उद्देश आहे.

इंग्रजीत या क्रियेला पिकाच्या कापणीचा शब्द वापरतात. मराठीत त्याला ‘सुगी’ म्हणण्यापेक्षा ‘सरवा वेचणे’ म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. शेत कापून नेल्यावर जमिनीवर सांडलेली कणसे वेचावीत, त्याप्रमाणे येथे दुसऱ्या कोणत्या तरी कामासाठी खर्च झालेल्या ऊर्जेतून जे सांडले तेवढेच वेचावयाचे असते. वेचणाऱ्याची टोपली भरेल की नाही हे त्याच्या कष्टावर कमी आणि सांडलेल्या दाण्यांवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास येते.

पूर्वपीठिका : ही कल्पना विजेहून जुनी आहे. लंडनमध्ये १७६० नंतरच्या दशकात जेम्स कॉक्स व जॉन जोसेफ मर्लिन यांनी हवेच्या दाबातील चढउतारांवर चालणारे घड्याळ बनविले. त्यात सु. ६८ किग्रॅ. पारा होता. दाब बदलला की पारा हालून वजने वर उचलली जात, त्यामुळे घड्याळाला किल्ली द्यावी लागत नसे. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे आर्थर बेव्हर्ली यांनी १८६४ मध्ये हवेच्या तापमानातील व दाबातील फरकांवर चालणारे घड्याळ तयार केले. झां लेआँ रूटर या स्विस अभियंत्याने १९२८ मध्ये रचलेल्या ‘ॲटमॉस’ घड्याळात तापमान एका अंशाने बदलले तरी घड्याळ सु. दोन दिवस चालते. मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे हातातील घड्याळ जॉन हारवुड यांनी त्याच सुमारास प्रचारात आणले. या घड्याळांत एक समान गुण आहे. त्यांना लागणारी शक्ती अगोदरच अत्यंत कमी करण्यात आली होती आणि मगच ती परिसरातून मिळविणे शक्य झाले. पुढे सर्व इलेक्ट्रॉनीय प्रयुक्तींनाही याच वाटेने जावे लागले.

ऊर्जेचे विजेत रूपांतर करणारे सर्व प्रमुख आविष्कार एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाले होते. दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांची तापमाने भिन्न ठेवल्यास मंडलात परिणाम घडतो, असे टोमास झेबेक यांना १८२१ मध्ये आढळले. विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये लावला. सायकलीच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो हे त्याचे परिचित उदाहरण होय. प्रकाशामुळे विद्युत् दाब निर्माण होतो हे एदमाँ बेक्रेल यांनी १८३९ मध्ये दाखविले. क्वॉर्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतो, हा दाबविद्युत् परिणाम झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याच्या लायटरमध्ये खटका दाबताच पडणारी ठिणगी याच परिणामाची असते.

असे असूनही पुढील सु. सत्तर वर्षांत या आविष्कारांचा सूक्ष्म शक्तीसाठी फारसा उपयोग झाला नाही. याचे कारण निर्मितीच्या बाजूला नसून खपाच्या बाजूला होते. रेडिओतील निर्वात नलिकेचा तंतू तापविण्यासच वॉटच्या मापाची शक्ती लागे. अपवाद होता तो स्फटिक ग्राहीचा. गॅलेना (शिसे व गंधक यांचे खनिज) या स्फटिकावर टेकविलेल्या तारेने रेडिओ तरंगांचे एकदिशीकरण होई आणि तरंगांतून मिळालेल्या ऊर्जेवरच कानाला लावलेला श्रवणक वाजे. त्याला घट किंवा विजेची जोडणी लागत नसे. या प्रकारच्या स्फटिक अभिज्ञातकाचे अमेरिकेतील एकस्व जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळाले होते. प्रेषकाने पाठविलेल्या ऊर्जेवरच ग्राही चालविणे ही आजच्या अनेक बिनघटी संवेदकांची मूळ कल्पना त्या साध्या ग्राहीत पूर्णपणे दिसते.

सोव्हिएट रशियात १९५० नंतरच्या दशकात वीज न पोहोचलेल्या खेड्यांसाठी रॉकेलच्या कंदिलावर बसविण्याचे ऊष्माविद्युत् जनित्र तयार करण्यात आले. आब्राम योफे या भौतिकीविज्ञांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या अर्धसंवाहकांच्या संशोधनाचे ते फळ होते. कंदिलाच्या काचेवरून जाणाऱ्या तप्त वायूंमुळे सु. ३ वॉट शक्ती मिळे व तिच्यावर निर्वात नलिकांचा रेडिओ चाले. कंदील प्रकाशासाठी लावलेला असे. रेडिओ हा सांडलेल्या उष्णतेचा लाभ होता.

याच देशातील दुसरे उदाहरण कमी सात्त्विक आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन राजदूतांना शाळकरी मुलांच्या हस्ते लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट देण्यात आले. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लावलेले होते. त्याच्या पोटात ल्येव्ह टेरमेन (लिऑन थेरेमिन) यांनी रचलेली एक लहान धातूची पोकळी, तिच्यावर ताणलेला पातळ पडदा व एक आकाशक (रेडिओ तरंग घेणारी व सोडणारी दांडी) एवढेच होते. घट नव्हता, तार नव्हती. बाहेरून योग्य कंप्रतेचे रेडिओ तरंग सोडले की बोलण्याने कंप पावणारा पडदा परावर्तित तरंगांत बदल घडवी आणि खोलीतील संभाषण बाहेर ऐकू येई. घट संपण्याचा प्रश्नच नसल्याने व बाहेरचे तरंग बंद असताना ही प्रयुक्ती पूर्ण निश्चल राहत असल्याने ती १९५२ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. बिनघटी संवेदकाचा दीर्घायुष्य हा गुण किती प्रभावी असू शकतो याचे यासारखे प्रात्यक्षिक पुढेही क्वचितच झाले. परावर्तित तरंगांद्वारे संदेशवहन करण्याची शास्त्रीय मांडणी हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका निबंधात स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली होती.

अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेला दूरचित्रवाणी संचाचा दूरनियंत्रकही घटावाचून चाले. रॉबर्ट ॲडलर यांच्या या रचनेत बटण दाबले की एक लहान हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे व तीतून निघणारा श्रवणातीत ध्वनी संचाला कळे. ऊर्जेचा सर्व पुरवठा अंगठ्याचा होता. घट संपल्यावर दूरनियंत्रक बिघडला असे गिऱ्हाइकास वाटू नये, हा घट टाळण्यामागील एक हेतू होता.

सौर घट व उपग्रह : बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील डॅरिल चेपिन, कॅल्व्हिन फुलर व जेरल्ड पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सु. ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौर घट जाहीर केला. घरगुती वापरासाठी तो फारच महाग होता, परंतु अवकाशात घट बदलण्यास कोणी जाऊ शकत नसल्याने तेथे त्याची किंमत गौण ठरली. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या ‘व्हॅन्गार्ड-१’ या उपग्रहाचा व्यास सु. १६·५ सेंमी. व वजन सु. १·५ किग्रॅ. होते. त्यावर दोन प्रेषक होते. एक पाऱ्याच्या घटांवर चालणारा व दुसरा सहा सौर घटांवर चालणारा. पहिला जून १९५८ मध्ये मूक झाला; दुसरा १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिला. एकाच वस्तूवर, एकाच परिस्थितीत घट व ऊर्जासंकलन यांची झालेली ही तुलना आकस्मिक असली, तरी या विषयातील कोणत्याही नियोजित प्रयोगाइतकी बोलकी आहे.

सौर घट पृथ्वीवर सामान्यांच्या हाती पोहोचला तो १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, गणकयंत्राच्या रूपाने. द्रवस्फटिकाच्या दर्शक पट्टीमुळे व पूरक धातू-ऑक्साइड अर्धसंवाहक पद्धतीच्या संकलित मंडलांमुळे गणकयंत्राचा खप इतका उतरला की, टेबलावरच्या दिव्याचा प्रकाशही त्याला पुरू लागला. अस्फटिकी सिलिकॉनाचे घट खोलीतील दिव्यांच्या प्रकाशाला विशेष अनुकूल असतात. तेही याच वेळी उपलब्ध झाले होते. घड्याळांतही हीच वाटचाल झाली. जपानच्या सिटिझन कंपनीने १९७६ मध्ये काट्यांचे सौर घड्याळ काढले. सेइको कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मनगटाच्या हालचालीने वीज निर्माण करणारे आणि १९९८ मध्ये देहाच्या उष्णतेवर चालणारे घड्याळ बाजारात आणले.

या शेवटच्या घड्याळाचा विचार थोडा तपशिलाने करणे उपयुक्त होईल, कारण उष्णतेच्या संकलनातील सर्व अडचणी त्यात एकवटल्या आहेत. कातडीचे तापमान ३४° से. व हवेचे २९° से. धरल्यास ऊष्मागतिकीच्या नियमानुसार आदर्श यंत्रालाही त्या उष्णतेचा सु. १·६ टक्के भागच कार्यात रूपांतरित करता येतो. प्रत्यक्षात तापमानातील बहुतेक उतार कातडी आणि घड्याळाभोवतीची हवा यांतच संपतो आणि ऊष्माविद्युत् घटकाच्या दोन बाजूंत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक उरतो. बिस्मथ टेल्यूराइडाच्या एका जोडीपासून एका अंशाला सु. ०·४ मिलिव्होल्ट विद्युत् दाब मिळतो. इलेक्ट्रॉनीय मंडल चालण्यास काही शतक मिलिव्होल्ट हवेत. म्हणून त्या घड्याळात हजाराहून अधिक जोड्या एकसरीत बसवाव्या लागल्या. थंड देशात हिवाळ्यात असे घड्याळ चांगले चालते. विदर्भातील वैशाखात मात्र दिवसा कधी तरी हवेचे तापमान कातडीच्या बरोबरीचे होते व त्या वेळी निर्मिती शून्यावर येते. दुपारी हवा देहाहून तप्त झाली की प्रवाहाची दिशाच उलटते. परिसरावर अवलंबून असणाऱ्या यंत्राची रचना परक्या परिसरावरून उचलता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

बिनतारी संवेदकांचे जाळे : विषयाला आजचे रूप आले ते १९९० नंतरच्या दशकात. सूक्ष्मयांत्रिक संवेदक, अल्पशक्ती मंडले व लहान रेडिओ प्रेषक एकाच चकतीवर येऊ लागल्याने हजारो संवेदक परिसरात पसरून द्यावेत व त्यांनी परस्परांशी संधान बांधावे, अशी कल्पना पुढे आली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टोफर पिस्टर व त्यांचे सहकारी यांनी एक घन मिमी. आकारमानाच्या संवेदकांची योजना १९९७ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेपुढे मांडली. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘चतुर धूळ’ असा होतो.

धुळीच्या कणाला घट कसा बदलावयाचा हा प्रश्न लौकरच पुढे आला. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडील ग्रेट डक बेटावर २००२ च्या उन्हाळ्यात ३२ बिनतारी संवेदक ठेवण्यात आले. बिळांत घरटी करणाऱ्या पेट्रेल जातीच्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणे हा त्यामागील हेतू होता. वारंवार माणसे गेल्यास पक्षी घरटी सोडतात, म्हणून संवेदक पाठविले. ते घटांवर चालत होते आणि घट बदलण्यास माणसांनी जावे तर मूळ हेतूच विफल होई. केन्यात २००४ मध्ये झेब्रांच्या गळ्यात बांधलेल्या मार्गदर्शक पट्ट्यांना प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सौर घट बसविले होते ते याच अडचणीमुळे. पुलाच्या तुळईत, धावत्या आगगाडीच्या चाकाजवळ किंवा रासायनिक कारखान्याच्या उंच नळावर बसविलेल्या संवेदकांची स्थिती वेगळी नाही. तेथे एका घटाची किंमत काही रुपये असली, तरी तो बदलण्यासाठी काम थांबविणे, माणूस वर चढविणे व त्याचा जीव धोक्यात घालणे यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.

संवेदकाची गरज किती असते याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. प्रेषकाला चालू असताना ५० मिलिवॉट शक्ती लागते व तो मिनिटातून एकदा ५ मिलिसेकंद बोलतो असे मानल्यास दर वेळी २५० मायक्रोज्यूल ऊर्जा खर्च होते. मिनिटावर पसरली असता ती सु. ४ मायक्रोवॉट भरते. उरलेल्या वेळात मंडल निद्रिस्त ठेवून त्याचा खप एक-दोन मायक्रोवॉटवर आणता येतो. म्हणजे संवेदकाची क्षणिक भूक मोठी, पण सरासरी भूक अत्यल्प असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी वेचलेली ऊर्जा थेंबाथेंबाने धारित्रात किंवा लहान पुनर्भारणक्षम घटात साठवून एकदम खर्च करण्यात येते. पगार रोजचा आणि खर्च सणाचा, अशा घरासारखी ही व्यवस्था आहे. अल्पशक्ती अंकीय मंडलांचा पाया घालणाऱ्यांत चेन्नई येथे जन्मलेले अनंत चंद्रकासन यांचे १९९२ पासूनचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

कंपनांपासून वीज : यंत्रांच्या कंपनांचा विचार इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या सी. बी. विल्यम्स व आर्. बी. येट्‌स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने शिस्तीत आणला. स्प्रिंगवर टांगलेले वस्तुमान यंत्राबरोबर डोलते व त्या हालचालीतून चुंबक आणि वेटोळे यांच्याद्वारे वीज मिळते, अशी त्यांची प्रतिकृती होती. तीवरून निष्पन्न झाले ते असे की, कंपनाची कंप्रता स्प्रिंगच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली (अनुस्पंदन झाले) असता मिळणारी शक्ती वस्तुमानाच्या सम प्रमाणात, कंपनाच्या परमप्रसराच्या वर्गाच्या प्रमाणात, कंप्रतेच्या घनाच्या प्रमाणात व अवमंदनाच्या व्यस्त प्रमाणात असते. यातील घनाचा संबंध पाहून उच्च कंप्रतेकडे धाव घेण्याचा मोह होतो. परंतु प्रत्यक्ष यंत्रांत कंप्रता वाढते तसा परमप्रसर झपाट्याने घटतो, त्यामुळे हा लाभ बहुधा कागदावरच राहतो. वस्तुमान मात्र सूक्ष्म यंत्रात मुळातच थोडे असते. आकार लहान करणे हे इलेक्ट्रॉनिकीला मानवते, कंपनाच्या जनित्राला मानवत नाही. या विसंगतीतून या शाखेला अद्याप सुटका मिळालेली नाही.

बर्कली येथील शॅड राउंडी, पॉल राइट व यान राबाय यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरगुती व कारखान्यातील अनेक वस्तूंची कंपने मोजून दिली आहेत. कपडे वाळविण्याचे यंत्र, सूक्ष्मतरंग भट्टी, पाव भाजण्याचे यंत्र, नुकतेच आपटलेले दार, रहदारीच्या रस्त्यालगतची खिडकी असा तो मजेदार संग्रह आहे. त्यातील बरीचशी यंत्रे सु. १२० हर्ट्‌झ कंप्रतेने कंप पावत होती, कारण अमेरिकेतील वीजपुरवठा ६० हर्ट्‌झचा आहे व यंत्रांचा गुणगुणाट त्याच्या दुप्पट असतो. भारतातील पुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने येथील रोहित्र १०० हर्ट्‌झने गुणगुणते आणि अमेरिकेसाठी जुळविलेले अनुस्पंदी जनित्र येथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. अनुकूल परिस्थितीत दर घन सेंमी.ला काही शतक मायक्रोवॉट शक्ती मिळू शकेल, असा निष्कर्ष त्या अभ्यासात काढला होता.

साउथॅम्प्टन विद्यापीठातील स्टीव्ह बीबी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वर्णिलेल्या केवळ ०·१५ घन सेंमी. आकारमानाच्या विद्युत् चुंबकीय जनित्राने ५२ हर्ट्‌झच्या अगदी मंद कंपनांपासून ४६ मायक्रोवॉट शक्ती दिली. त्याच विद्यापीठातून २००४ मध्ये निघालेल्या पर्पेट्युअम या कंपनीने आगगाड्यांच्या चाकांचे धारवे (बोलीभाषेत बेअरिंग) तपासणारे संवेदक तयार केले. गाडीच्या कंपनांवर चालणारा हा संवेदक धारव्याची झीज अगोदर कळवितो, म्हणजे ज्या हादऱ्यांनी धारवा झिजतो त्यांच्यावरच त्याचा पहारेकरी पोसला जातो. ही कंपनी २०२१ मध्ये हिताची रेल या कंपनीत विलीन झाली. ऊर्जासंकलनाचा खरोखर फायदेशीर ठरलेला असा उपयोग या क्षेत्रात अपवादानेच आढळतो आणि तो लहान यंत्राचा नसून मुठीएवढ्या यंत्राचा आहे.

याहून यशस्वी ठरले ते म्हणजे भिंतीवरील बटण. सीमेन्स कंपनीतून बाहेर पडून २००१ मध्ये म्यूनिकजवळ स्थापन झालेल्या एन-ओशन या कंपनीने दिवे लावण्याचे बिनतारी व बिनघटी बटण विकसित केले. बटण दाबताना बोटाने केलेल्या कार्यातून सु. शंभर-दोनशे मायक्रोज्यूल ऊर्जा मिळते. तेवढ्यावर सु. एक मिलिसेकंदाचा रेडिओ संदेश दोन-तीन वेळा पाठविला जातो व दिवा लागतो. भिंत फोडून तारा ओढण्याचा खर्च वाचत असल्याने जुन्या इमारतींत हे बटण लोकप्रिय झाले. या पद्धतीला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. झेनिथच्या हातोडीचा हा वंशज होय. संदेश पाठविण्याची वेळ व ऊर्जा मिळण्याची वेळ येथे एकच असते, म्हणून साठवणीचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

चालण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९९८ मध्ये प्रयोग झाले. बुटाच्या तळव्यात बसविलेल्या दाबविद्युत् पट्ट्यांपासून एक-दोन मिलिवॉट व टाचेखाली बसविलेल्या फिरत्या जनित्रापासून सु. पाव वॉट शक्ती मिळाली. मात्र दुसऱ्या प्रकारचा बूट घालून चालणे त्रासदायक होते. पुढे २००६ नंतर टोकियोच्या स्थानकातील जमिनीवर व रॉटरडॅममधील एका नृत्यगृहात वीज देणाऱ्या फरश्या बसविण्यात आल्या व त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. तिच्या मानाने हिशेब निराशाजनक आहे. ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या पावलाखाली फरशी ५ मिमी. खचली, तर उपलब्ध होणारी ऊर्जा सु. ३·४ ज्यूल असते. ती सर्वच्या सर्व विजेत रूपांतरित झाली असे मानले, तरी दहा वॉटचा एक दिवा पेटता ठेवण्यास दर सेकंदाला तीन पावले पडली पाहिजेत. शिवाय ही ऊर्जा फुकटची नाही. वाळूतून चालल्याप्रमाणे ती चालणाऱ्याच्या पायांतून वसूल होते.

रेडिओ तरंगांतील ऊर्जा : वाचकयंत्राने सोडलेल्या तरंगांवर चालणारी ओळखचिठ्ठी हा स्टॉकमन यांच्या कल्पनेचा विस्तार होय. लॉस ॲलॅमॉस येथील संशोधकांनी १९७५ मध्ये अशा चिठ्ठीचे वर्णन प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील वाहनचालकांच्या ती नित्य परिचयाची आहे. पथकर भरण्यासाठी मोटारीच्या पुढील काचेवर चिकटविण्यात येणारी ‘फास्टॅग’ पट्टी ही घट नसलेली ओळखचिठ्ठीच असून नाक्यावरील यंत्राच्या तरंगांतून ती आपली ऊर्जा घेते. तिचा प्रारंभिक प्रयोग २०१४ मध्ये अहमदाबाद–मुंबई मार्गावर झाला व फेब्रुवारी २०२१ पासून ती देशभर सक्तीची करण्यात आली. अशा चिठ्ठीला संवेदक जोडण्याचे काम सिअॅटल येथील जोशुआ स्मिथ व सहकारी यांनी केले.

मुद्दाम सोडलेल्या तरंगांऐवजी वातावरणात अगोदरच असलेल्या तरंगांवर विसंबणे याहून कठीण आहे. स्मिथ व ॲलन्सन सँपल यांनी २००९ मध्ये सु. ४ किमी. अंतरावरील दूरचित्रवाणी मनोऱ्याच्या दिशेने आकाशक रोखून सु. ६० मायक्रोवॉट शक्ती मिळविली व तीवर तापमान आणि आर्द्रता दाखविणारे लहान उपकरण चालविले. वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ मध्ये दोन बिनघटी प्रयुक्ती दूरचित्रवाणीचे तरंग परावर्तित करून परस्परांशी बोलतील अशी व्यवस्था साधण्यात आली. त्यांतील अंतर एक मीटरहून कमी होते. मनोऱ्यापासून दूर गेल्यावर हे सर्व झपाट्याने अशक्य होते, कारण तरंगांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या, शहरात तर त्याहूनही अधिक, प्रमाणात घटते.

देहातील प्रयुक्ती : घट बदलण्याची अडचण सर्वाधिक जाचक होते ती माणसाच्या देहात. पहिला संपूर्ण देहांतर्गत हृद्‌गतिकारक स्टॉकहोम येथे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी बसविण्यात आला व काही तासांतच बंद पडला. त्या रुग्णाला पुढील त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वीसहून अधिक गतिकारक बसवावे लागले. पॅरिस येथे १९७० मध्ये प्लुटोनियमाच्या किरणोत्सर्गी उष्णतेवर चालणारा गतिकारक बसविण्यात आला. तो दीर्घकाळ टिकणारा होता; परंतु १९७० नंतरच्या दशकात आलेल्या लिथियम-आयोडीन घटाने तो मागे पडला. गतिकारकाला सु. १० मायक्रोवॉट शक्ती लागते, म्हणजे ती ऊर्जासंकलनाच्या आवाक्यात आहे. जनान दाय्देविरेन व जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१४ मध्ये गाय, मेंढी व डुक्कर यांच्या हृदयावर चिकटविलेल्या पातळ दाबविद्युत् पटलांपासून वीज मिळविली. सस्तन प्राण्यांच्या अंतर्कर्णात नैसर्गिकपणे असणाऱ्या विद्युत् दाबातून एक नॅनोवॉटच्या (एका वॉटचा अब्जावा भाग) आसपास शक्ती घेऊन गिनीपिगमध्ये एक लहान प्रेषक काही तास चालविण्याचा प्रयोग चंद्रकासन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केला. माणसात मात्र घटावाचून चालणारा व हृदयाच्याच ठोक्यांवर पोसला जाणारा गतिकारक नित्य वैद्यकीय वापरात आलेला नाही. घट संपत आला की नवी शस्त्रक्रिया करावी लागते.

नवी द्रव्ये व मर्यादा : जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेतील जुंग लिन वांग यांनी २००६ मध्ये झिंक ऑक्साइडाच्या अतिसूक्ष्म तारा वाकवून व २०१२ मध्ये दोन पटलांच्या घर्षणाने निर्माण होणाऱ्या भारांचा उपयोग करून वीज मिळविण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांवर विपुल संशोधन झाले आहे. घर्षणविद्युत् जनित्रात विद्युत् दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो, पण प्रवाह नगण्य असतो. आर्द्र हवेत तर भार टिकत नाहीत. कोकणातील पावसाळ्यासारख्या हवामानात त्यांची परीक्षा कठोर होईल.

मंडलांच्या बाजूला अधिक स्थिर प्रगती झाली. २० मिलिव्होल्टइतक्या अल्प दाबापासून कार्य सुरू करू शकणारी संकलित मंडले २०१० च्या सुमारास विक्रीस आली. मिशिगन विद्यापीठात डेव्हिड ब्लाऊ व डेनिस सिल्व्हेस्टर यांच्या गटाने एक घन मिमी.च्या जवळपास आकाराचे, डोळ्यातील दाब मोजण्यासाठी सौर घटावर चालणारे संपूर्ण संगणकीय संवेदक २०११ मध्ये सादर केले. ‘चतुर धुळी’चे आकारमान अशा रीतीने साध्य झाले, मात्र ती धूळ कोठेही पसरली नाही. ऊर्जा संपताच गणन थांबवून ती परत मिळताच जेथे थांबले तेथून पुढे चालू ठेवण्याच्या खंडित गणनाच्या पद्धतीही त्याच वर्षापासून विकसित होत गेल्या.

दूरसंदेशवहन क्षेत्रातील एका मोठ्या कंपनीने २०१० मध्ये असे भाकीत केले होते की, २०२० पर्यंत ५० अब्ज प्रयुक्ती परस्परांस जोडल्या जातील. ते प्रत्यक्षात उतरले नाही. ज्या प्रयुक्ती जोडल्या गेल्या त्यांतील बहुतेक घटांवर किंवा वीजजोडणीवरच चालतात. याचे कारण पुन्हा हिशेबातच सापडते. बाजारात मिळणाऱ्या बोटाएवढ्या एका अल्कली घटात सु. १०,००० ज्यूल ऊर्जा असते. सरासरी एक मिलिवॉट खाणाऱ्या संवेदकाला ती चार महिनेही पुरत नाही. ५० मायक्रोवॉट खाणाऱ्याला मात्र ती सहा वर्षांहून अधिक पुरते. मंडलांचा खप जसजसा उतरला, तसतसे ऊर्जासंकलन शक्य होत गेले. पण त्याच उताराने घटाचे आयुष्यही वाढविले. ज्या कारणाने हे तंत्र जन्मले त्याच कारणाने त्याची निकड अनेक ठिकाणी कमी झाली. यामुळे जेथे घट उष्णतेने खराब होतो, जेथे माणूस पोहोचू शकत नाही किंवा जेथे संवेदक इमारतीइतकाच टिकावयास हवा, अशाच जागा त्याच्या वाट्यास राहिल्या आहेत.

दाबविद्युत् जनित्रांत सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य, १९५० नंतरच्या दशकात पुढे आलेले शिसे-झिर्कोनेट-टिटॅनेट, याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. घटांच्या कचऱ्यापासून सुटका म्हणून पुरस्कारलेल्या तंत्राला हा प्रश्न नव्याने पडला आहे. पोटॅशियम-सोडियम नायोबेटावर आधारलेली बिनशिशाची मृत्तिकाद्रव्ये जपानमधील यासुयोशी साइतो व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर्णिली. त्यांचे गुणधर्म तापमानाप्रमाणे बरेच बदलतात व ती एकसारखी बनविणे अवघड जाते, म्हणून त्यांनी शिशाच्या द्रव्याची जागा अद्याप घेतलेली नाही.